स्टेअरिंगचा खेळ, जिवाशी खेळ



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या कारखान्यात काय धांदल उडते, ते आपण जाणताच. हंगाम संपल्या दिवसापासून मिलचे रोलर खोलले जातात, बेअरिंगा तपासल्या जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, वजनकाटा तपासून घेतला जातो. झिजलेला भाग काढायचा, नवा घालायचा आणि मगच गव्हाणीत मोळी टाकायची, हा आपला रिवाज आहे. पण जो ट्रॅक्टर फडातून गव्हाणीपर्यंत ऊस आणतो, त्याची अशी निगा किती जण राखतात? खंडेनवमीला धुऊन-पुसून हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला, की झालं! बैल लंगडला तर चार पावलांत कळतं. ट्रॅक्टर मात्र मुका. त्याचं लंगडणं आपल्याला लवकर दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. म्हणून या अंकात आम्ही एका बारीकशा वाटणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या विषयावर लिहायचं ठरवलं आहे. तो म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचं ढिलं झालेलं स्टेअरिंग.

गव्हाणीपुढची रात्र

मागच्या हंगामातली गोष्ट. रात्री अकराचा सुमार. आम्ही वाहतूक विभागाची माणसं काट्याजवळ उभे होतो. काटा करून एक ट्रॅक्टर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन गव्हाणीच्या रांगेत सरकत होता. ट्रॅक्टर एका जुन्या सभासदांचा, घरचा, वीस-बावीस वर्षांचा. चालवायला त्यांचा थोरला मुलगा. यार्डातलं वळण घेताना खालून 'कट्' असा आवाज आला, आणि पुढची दोन चाकं एकमेकांकडं पाठ करून उभी राहिली. एक डावीकडं, एक उजवीकडं. टायरॉडचा बॉल वाटीतून निसटून खाली लोंबत होता.

गाडी माणसाच्या चालीनं चालली होती म्हणून जागच्या जागी थांबली. रांग दीड तास खोळंबली. मागचे गाडीवान कुरकुरले, ते साहजिकच होतं. पण आमच्या मनात दुसराच विचार आला. हाच ट्रॅक्टर दहा मिनिटांपूर्वी ओढ्याच्या पुलाचा उतार उतरून आला होता. त्या पुलाला कठडा आहे तो गुडघ्याएवढा. आणि मागच्या ट्रॉलीवर मोळ्यांवर टोळीतले दोन गडी बसलेले होते. दहा मिनिटं! एवढ्या अंतरानं तीन घरांची चूल वाचली.

ज्यांचा ट्रॅक्टर, त्यांना सगळा गाव आण्णा म्हणतो. सकाळी आण्णा धावत आले. आम्ही विचारलं, "आण्णा, आधी काहीच कळलं नाही का?" आण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कळत हुतं की. थोडा खेळ हुता. पण पोराचा हात बसला हुता, सवय झाली हुती."

मंडळी, सगळं दुखणं या 'सवय' शब्दात आहे. स्टेअरिंग एका दिवसात ढिलं होत नाही. आज दोन बोटं खेळ, पुढच्या वर्षी तीन बोटं, त्याच्या पुढच्या वर्षी चार. हात आपोआप जास्त फिरवायची सवय लावून घेतो. म्हणजे यंत्र बिघडत जातं आणि माणूस त्याला सांभाळून घेत जातो. परका ड्रायव्हर बसला की लगेच ओरडतो, "हे काय स्टेअरिंग म्हणायचं का?" घरच्याला मात्र ते दिसत नाही.

ही मांडणी आली कुठून?

आपल्या बैलगाडीला दोनच चाकं. बैल वळले की गाडी वळली, प्रश्न मिटला. चार चाकांच्या गाडीचं तसं नाही. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही चाकं सारखीच वळवली तर एक चाक जमिनीवर घासत जातं. यावर जर्मनीतल्या म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लँकेनस्पर्गर यांनी तोड काढली, आणि तिचं पेटंट इंग्लंडात १८१८ साली रुडॉल्फ ॲकरमन यांच्या नावे झालं. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. हा शोध घोड्यांच्या बग्गीसाठी होता. प्रत्येक चाक आपल्या स्वतःच्या उभ्या खिळ्यावर फिरवायचं आणि दोन्ही चाकं दांडीनं अशी जोडायची की आतलं चाक थोडं जास्त वळेल. आजचे मोटार-ट्रॅक्टर त्याच तत्त्वावर वळतात.

विलायतेत जुन्या स्पोर्ट मोटारी जतन करणारे शौकीन पुष्कळ आहेत. एमजीबी नावाची छोटी मोटार तिथं ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. पाच लाखांवर गाड्या निघाल्या. त्या मोटारीचं स्टेअरिंग आपल्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळं, दात्यांच्या सरकत्या पट्टीचं. पण पुढच्या चाकांना आपल्यासारखेच किंगपिन, टोकाला तसेच बॉल जॉइंट, आणि ग्रीसचे निप्पलही तसेच. ज्यानं वेळेवर ग्रीस मारलं नाही, त्याचा किंगपिन झिजला आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागली. फरक एवढाच, की त्यांचा शौक आहे आणि आपली भाकरी आहे. ते रविवारी ऊन पडलं तर गाडी बाहेर काढतात. आपण रात्री-बेरात्री, भरल्या वजनानं, शाळेच्या दारावरून आणि बाजाराच्या गर्दीतून नेतो.

ट्रॅक्टरच का लवकर झिजतो?

एक तर आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला पाटे नाहीत, स्प्रिंग नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट किंगपिन आणि बॉल जॉइंटवर आदळतो. दुसरं असं, की ट्रॅक्टर मूळचा शेतातला प्राणी. हंगामात आपण त्याला दिवस-रात्र रस्त्यावर पळवतो. तिसरी गोष्ट पाण्याची आणि चिखलाची. पाटाच्या पाण्यात, उसाच्या सरीत पुढची चाकं बुडतात. फाटलेल्या रबरी टोपीतून चिखल आत शिरतो आणि कानसीसारखा लोखंड खातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मागं ओझं जास्त झालं की ओढ घेताना ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. चढावर तर पुढची चाकं नुसती टेकलेली असतात. स्टेअरिंग शाबूत असलं तरी अशा वेळी ते नीट लागू पडत नाही. मग ढिल्या स्टेअरिंगची काय कथा! म्हणून जादा मोळ्यांचा मोह आणि ढिलं स्टेअरिंग ही दोन्ही एकत्र आली की अपघाताला आमंत्रणच.

आण्णांच्या वस्तीवर दोन दिवस

त्या रात्री ट्रॅक्टर कसाबसा जोडून घरी नेला. हंगाम आटोपल्यावर आण्णांनी तालुक्याचे एक जुने मिस्त्री बोलावले आणि आम्हालाही निरोप धाडला, "या, बघा आणि चार लोकांना सांगा." आम्ही गेलो. जे पाहिलं ते क्रमानं सांगतो.

मिस्त्रींनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, हँडब्रेक ओढला, पुढची चाकं सरळ केली. मग स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण केली आणि एका बोटानं स्टेअरिंग हळूहळू फिरवलं. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत खूण किती सरकली ते मोजलं. जवळजवळ सात इंच! मिस्त्री म्हणाले, "आण्णा, सायकलच्या हँडलला एवढा खेळ असता, तर तुम्ही पोराला शाळंत धाडला असता का?"

कायदा काय म्हणतो तेही इथं सांगितलं पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टेअरिंगचा आहे. स्टेअरिंगच्या चाकाचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, सांध्यांच्या बॉल जॉइंटांना रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. ३० अंश म्हणजे घड्याळात बारावरून एकवर जाण्याएवढं. सोळा इंच व्यासाच्या स्टेअरिंगवर हे अंतर चार इंचांहून जरासंच जास्त भरतं. आणि ही झाली शेवटची हद्द. कंपनीच्या पुस्तकात आपल्या मॉडेलला याहून कमी खेळ दिलेला असतो. तोच खरा मानावा. ज्यांच्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग आहे त्यांनी ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी.

मग खेळ नेमका कुठं आहे ते शोधायचं. आण्णांच्या मुलाला सीटवर बसवून स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवत राहायला सांगितलं. मिस्त्री बाजूला उकिडवे बसून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. "ज्या सांध्यात एका अंगाला हालचाल हाय आणि दुसऱ्या अंगाला न्हाई, तो सांधा चोर," असं त्यांचं सोपं गणित. पेटीखालचा आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टायरॉडची दोन्ही टोकं, असं एकेक करून पाहिलं. फर्ग्युसन घाटाच्या ट्रॅक्टरांत पेटीतून दोन्ही बाजूंना एकेक दांडी जाते. तिथं दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

त्यानंतर आसाखाली जॅक लावून पुढचं चाक उचललं आणि लगेच खाली लाकडी ठोकळे सारले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही, हा त्यांचा दंडक. चाक वर-खाली धरून हलवलं. चाक आणि हब हलतात पण उभा दांडा स्थिर आहे, तर दोष बेअरिंगचा. उभा दांडाच आसात हलतो, तर किंगपिनचा बुश गेला. मग पहार घालून आस मधोमध उचलून पाहिला, मधली पिन ढिली आहे का म्हणून. ती बरी निघाली.

निदान असं झालं: टायरॉडची दोन्ही टोकं झिजलेली, एकीची रबरी टोपी पार नाहीशी. ड्रॅग लिंकच्या एका नटात स्प्लिट पिन नव्हती. तिच्या जागी कुंपणाची तार वळवून घातलेली. डाव्या किंगपिनचा खालचा बुश अंडाकृती झालेला. का, तर ग्रीसचा निप्पल चिखलानं बुजलेला. वर्षानुवर्षं ग्रीस आत गेलंच नव्हतं. स्टेअरिंगची पेटी मात्र ठणठणीत. तिच्यात फक्त तेल कमी होतं.

हे महत्त्वाचं आहे. कारण खेळ दिसला की पुष्कळ जण पेटीवरचा स्क्रू आवळतात. सांधे झिजलेले असताना पेटी आवळून काय होणार? डोकं दुखतंय म्हणून पायाला लेप लावण्यापैकी ते आहे. शिवाय पेटी मधोमध जास्त झिजते. मधला खेळ काढायला स्क्रू फार आवळला, तर पुऱ्या वळणावर स्टेअरिंग जाम होतं. वळणावर जाम होणारं स्टेअरिंग ढिल्याइतकंच घातकी.

काढणं आणि बसवणं

जुनी टोकं काढण्याआधी मिस्त्रींनी दांडीची लांबी मोजून भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली, आणि टोक फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजले. एका टोकाचे आटे सरळ, दुसऱ्याचे उलटे असतात. हे माहीत नसलं की माणूस पान्यावर लोंबकळतो आणि आटे खराब करतो.

बॉल जॉइंटचा खिळा निमुळता असतो. तो आर्मच्या भोकात गच्च बसतो. नट काढून खालून आट्यांवर घण घातला की आटे पसरतात. मिस्त्रींनी नट चार आटे तसाच ठेवला, आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्याचे दोन टोले दिले. खिळा आपोआप सुटला.

आण्णांनी मध्येच विचारलं, "मिस्त्री, जुन्या बॉलला वेल्डिंगचा भराव घातला तर न्हाई का चालायचं? शेजारच्यानं घातलाय." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "आण्णा, नांगराच्या फाळाला भराव घाला, कुळवाच्या पासंला घाला. मोडलं तर एक तास कमी पडंल. ह्येला घालू नका. ह्ये मोडलं की माणूस मोडतो." वाकलेली दांडी तापवून सरळ करण्याचंही तसंच. ती दिसायला सरळ होते. आतलं लोखंड पहिल्यासारखं राहीलच याचा भरवसा नाही.

नवी टोकं दोन्ही बाजूंची एकदमच घातली, मोजलेल्या फेऱ्यांवर. खाचांचा नट आवळला. पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळेना, तेव्हा नट आणखी थोडा आवळून जुळवली, मागं ढिला करून नाही. नवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वळवली. कुंपणाची तार आण्णांच्या मुलाच्या हातात देत मिस्त्री म्हणाले, "ही कुंपणालाच शोभती."

किंगपिनचा दांडा काढून जुने बुश ठोकून काढले. दांडा चांगला होता म्हणून नुसत्या बुशांवर भागलं; दांड्यालाच पायरी पडली असेल तर तोही बदलावा लागतो. नवे बुश बसवताना त्यांतलं ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकासमोर येतं की नाही हे काडी घालून पाहिलं. हे चुकलं तर वरून कितीही ग्रीस मारा, आत थेंब जायचा नाही. उजवीकडचे बुश तितके गेले नव्हते, तरी तेही बदलले. निप्पल नवे घातले. मग चाक उचललेलं असतानाच ग्रीस मारलं. वजन आसावर नसलं की ग्रीस खालच्या दाबाच्या जागेपर्यंत पोचतं, ही एक छोटी पण कामाची खूण. जुनं काळं ग्रीस जाऊन नवं स्वच्छ दिसेपर्यंत मारत राहायचं.

शेवटी चाकांची जुळणी. पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असावी लागतात, त्याला टो-इन म्हणतात. आसाच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मधोमध मागच्या बाजूला खडूच्या खुणा करून दोन खुणांमधलं अंतर मोजलं. मग ट्रॅक्टर पुढं ढकलला, त्याच खुणा अर्धा फेरा फिरून पुढच्या बाजूला आल्यावर पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किती मिलिमीटर कमी हवं ते पुस्तकात असतं. त्याप्रमाणे टायरॉड फिरवून ठरवलं आणि लॉकनट पक्के केले. हे मोजमाप चुकलं की पुढचे टायर एका हंगामात कडेनं सोलून निघतात.

पुन्हा खडूची खूण केली. सात इंचांचा खेळ दीड इंचावर आला होता. रिकाम्या रानात ट्रॅक्टर दोन्हीकडं पुरा वळवून पाहिला, कुठं अडकत तर नाही ना म्हणून. पहिल्या खेपेनंतर सगळे नट पुन्हा एकदा तपासायला सांगून मिस्त्री भाकरीला बसले.

साहित्याचं बिल पुढच्या एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमी झालं. आण्णा बिलाकडं बघत राहिले. म्हणाले, "एवढ्यासाठी मी पोराला त्या पुलावरनं धाडत हुतो." त्यावर कोणी काही बोललं नाही.

आमची विनंती

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॅक्टरधारक सभासदानं आणि वाहतूकदारानं एवढं करावं: खडूची खूण करून खेळ मोजावा. रबरी टोप्या आणि स्प्लिट पिना पाहाव्यात. तार, खिळा, दोरी काही चालवून घेऊ नये. पुढची चाकं उचलून हलवून पाहावीत. निप्पलमधून ग्रीस खरंच आत जातं का ते बघावं, आणि पुस्तकात जितक्या तासांनी सांगितलं असेल तितक्या तासांनी मारावं. पेटीतलं तेल पाहावं. दोष सापडला तर जाणत्या मिस्त्रीकडून काम करून घ्यावं, आणि सुटा भाग खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा.

आपल्या ट्रॉलीवर दुसऱ्याची लेकरं बसतात. ऊसतोडीला आलेली टोळी घरदार सोडून आपल्या भरवशावर आपल्या शिवारात उतरते. अड्ड्यावरून फडात जाताना बायका-पोरं रिकाम्या ट्रॉलीत असतात. माणसं ट्रॉलीतून नेऊच नयेत हे खरं. पण जोवर ती बसताहेत तोवर निदान पुढचं स्टेअरिंग तरी धड असू द्या.

परवा पुन्हा आण्णांच्या वस्तीवरून जाणं झालं. त्यांनी तो निखळलेला जुना बॉल भंगारात घातलेला नाही. गोठ्याच्या खुंटीला टांगून ठेवला आहे. ट्रॅक्टरवर नवा गडी आला की आण्णा तो त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "हालवून बघ. ह्या आवाजाची सवय लावून घ्यायची न्हाई."